ताफा तोच, मोहीम नवी: 'होमवर्ल्ड'ची बलस्थाने आणि उणिवा

कॅनडातील व्हँकुव्हर शहरातल्या रेलिक एंटरटेनमेंट या त्या वेळी अगदी नवख्या असलेल्या कंपनीने तयार केलेला 'होमवर्ल्ड' हा गेम सप्टेंबर १९९९ मध्ये सिएराने बाजारात आणला. रणनीतीचा गेम म्हणजे वरून पाहिलेला सपाट नकाशा, हे तोवर जवळजवळ गृहीत धरले जात असे. आपल्याकडे सायबर कॅफेत 'एज ऑफ एम्पायर्स' खेळत मोठ्या झालेल्या पिढीच्या हातांनाही तीच सवय होती: डोंगर कुठे आहे, नदीचा उतार कुठे आहे आणि शत्रू नकाशाच्या कोणत्या कडेने येईल, याचा अंदाज बांधायचा आणि तिथे भिंत उभारायची. 'होमवर्ल्ड'ने खेळाडूच्या पायाखालची ती जमीनच काढून घेतली. इथे यान डावी-उजवीकडे जाते तसेच वर-खालीही जाते, आणि शत्रू कोणत्याही दिशेने येऊ शकतो.

हा गेम प्रामुख्याने त्याच्या त्रिमितीसाठी ओळखला जातो आणि ते योग्यही आहे. मला मात्र त्याचे खरे वेगळेपण दुसऱ्या एका निर्णयात दिसते. सोळा मोहिमांच्या या कथेत पहिल्या मोहिमेत बांधलेले यान तगले, तर ते शेवटच्या मोहिमेतही आपल्याबरोबर असते. आणि जे यान नष्ट झाले ते कायमचे गेले, त्याच्या बदल्यात नवे बांधायचे तर साठवलेल्या संसाधनांतूनच बांधावे लागते. त्या काळच्या बहुतेक रणनीती-गेममध्ये प्रत्येक मोहीम कोऱ्या पाटीवर सुरू होत असे. त्यामुळे आधीच्या लढाईत शंभर सैनिक मेले काय आणि पाच मेले काय, जिंकल्यावर त्याचा हिशेब कुणी ठेवत नसे. 'होमवर्ल्ड' तो हिशेब ठेवतो. या गेमची जवळजवळ सगळी बलस्थाने आणि त्याच्या सर्वांत गंभीर उणिवा या एका निर्णयातूनच निघतात, असे मला वाटते.

हा निर्णय कथेशीही घट्ट जोडलेला आहे. खराक या वाळवंटी ग्रहावर राहणाऱ्या लोकांना वाळूखाली गाडले गेलेले एक प्राचीन अवकाशयान सापडते. त्यात एक शिळा असते आणि शिळेवर आकाशगंगेचा नकाशा आणि 'हिगारा' हे आपल्या मूळ घराचे नाव कोरलेले असते. आपण या ग्रहाचे नाही, हे कळल्यावर आपसांत विभागलेली सगळी कुळे एकत्र येतात आणि साठ वर्षे खपून एक प्रचंड मदरशिप, म्हणजे ताफ्याचे मुख्य यान, बांधतात. करान स्जेट ही शास्त्रज्ञ त्या यानाला आपला मेंदू कायमचा जोडून घेते आणि संपूर्ण ताफ्याचे नियंत्रण तिच्या हाती येते. पहिल्या चाचणी-उड्डाणानंतर ताफा परत येतो तेव्हा खराक जळत असतो. हायपरस्पेसमधून, म्हणजे दूरची अंतरे एका झेपेत पार करत, प्रवास करण्यास मनाई करणारा एक चार हजार वर्षांपूर्वीचा तह मोडला, हे त्यामागचे कारण. पण तो तह खराकवरच्या कुणाला ठाऊकही नव्हता. उरतात ती फक्त कक्षेत फिरणाऱ्या शीतपेट्यांमध्ये निद्रिस्त असलेली माणसे, आणि शत्रूची फ्रिगेट नावाची मोठी युद्धयानेही त्यांनाच लक्ष्य करत असतात. पार्श्वभूमीला सॅम्युएल बार्बर यांच्या 'अडाजिओ फॉर स्ट्रिंग्ज'चे समूहगायनातील रूप वाजते. नियंत्रण-कक्षातला आवाज कोणताही आक्रोश न करता, केवळ कर्तव्य म्हणून माहिती देत राहतो. त्या संयमामुळेच हा प्रसंग इतका खोलवर जातो. आजच्या गेममध्ये अशा जागी पात्रे लांबलचक बोलतात. इथे कुणाचा चेहराही दिसत नाही.

या तिसऱ्या मोहिमेनंतर ताफ्यातले प्रत्येक यान भरून न येणाऱ्या वस्तूसारखे वाटू लागते. हे केवळ भावनेपुरते राहत नाही, तर खेळाडूच्या डावपेचांतही उतरते. एरवी शत्रूच्या तळावर दहा लढाऊ याने झोकून देणे परवडते, कारण मोहीम जिंकली की विषय संपतो. इथे मात्र माघार हा सन्मान्य पर्याय ठरतो. जखमी फ्रिगेट मागे घ्यायची, तिच्या जागी दुसरी पुढे आणायची, दुरुस्ती करणाऱ्या कॉर्वेट (फ्रिगेटहून लहान याने) तिच्याभोवती लावायच्या आणि तेवढा वेळ इंटरसेप्टर या छोट्या, चपळ लढाऊ यानांच्या तुकडीने शत्रूला गुंतवून ठेवायचे, असे विचार आपोआप सुचू लागतात. यान वाचवणे हा जिंकण्याचाच भाग होतो. माझ्या मते अवकाशातील ताफ्याच्या गेममध्ये याहून महत्त्वाची गोष्ट नाही, कारण ताफ्याचे नेतृत्व म्हणजे हातात मोजकी याने असताना त्यांतले कोणते कधी धोक्यात घालायचे, याचाच निर्णय असतो.

लढाईच्या यंत्रणेनेही या विचाराला साथ दिली आहे. मूळ 'होमवर्ल्ड'मध्ये गोळी ही खरोखर अवकाशातून जाणारी वस्तू आहे. ती सुटल्यावर लक्ष्याने दिशा बदलली, तर ती रिकाम्या जागेतून निघून जाते. त्यामुळे चपळ यानाची चपळता आकड्यांच्या तक्त्यात न राहता डोळ्यांना दिसते. आयन तोफेच्या फ्रिगेटची तोफ समोरच्या दिशेला जखडलेली असल्यामुळे मोठ्या, संथ यानासमोर ती प्रलयंकारी ठरते आणि भोवती घोंगावणाऱ्या छोट्या यानांपुढे जवळजवळ असहाय होते. अनेक तोफांची कॉर्वेट नेमकी तिथे उपयोगी पडते. कोणते यान कशाविरुद्ध चालते हे पुस्तिकेत वाचण्याची गरज पडत नाही, यानाकडे पाहूनच ते कळते.

व्यूहरचनेचेही तसेच आहे. त्रिकोणी, भिंतीसारखी, पंजासारखी, गोलाकार अशा रचना ताफ्याला देता येतात. एखाद्या यानाभोवती लढाऊ यानांचा गोल रचून सगळ्या बाजूंनी संरक्षण करता येते आणि फ्रिगेटची भिंत उभारून सर्व आयन तोफांचा मारा एकाच बिंदूवर आणता येतो. शिवाय आक्रमक, तटस्थ आणि बचावात्मक असे तीन पवित्रे आहेत. बचावात्मक पवित्र्यात छोटी याने हल्ला होताच रचना मोडून चुकवाचुकवी करतात. आक्रमक पवित्र्यात ती रचनेत टिकून अधिक मारा करतात आणि त्याची किंमत मोजतात. या दोन गोष्टींचा मेळ घालताना जो आनंद मिळतो तो वेगाने माऊस चालवण्याचा नसतो, तो विचार करण्याचा असतो.

इंधनाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या बाबतीत खेळाडूंमध्ये दोन तट आहेत. मूळ गेममध्ये लढाऊ यानांना आणि कॉर्वेटना मर्यादित इंधन असते. दूरवर हल्ला करायचा, तर परत येण्याचा विचार करावा लागतो किंवा विमानवाहू जहाजासारखे कॅरियर यान पुढे न्यावे लागते. अनेकांना हे कंटाळवाणे ओझे वाटले. मला मात्र ते गेमच्या भूगोलाचा पाया वाटते. जिथे डोंगर नाहीत, नद्या नाहीत, रस्ते नाहीत, तिथे अंतराला अर्थ देणारी दुसरी गोष्ट कोणती? इंधनामुळे मदरशिपभोवती एक अदृश्य परीघ तयार होतो आणि त्या परिघाबाहेर पाऊल टाकणे हा ठरवून केलेला निर्णय होतो. कादेशच्या तेजोमेघातल्या मोहिमेत तर हीच गोष्ट विजयाची किल्ली ठरते. तिथले कडवे रहिवासी शेकडोंचा भास व्हावा अशा झुंडींनी छोटी याने सोडतात, पण त्या झुंडी इंधन पुरवणाऱ्या यानांवर अवलंबून असतात. झुंडीशी झुंजत बसण्याऐवजी तिची शिदोरी तोडायची, हे ज्याला उमगते त्याला ती मोहीम वेगळीच दिसू लागते. पुढे या रहिवाशांचे मूळही खराकच्या लोकांसारखेच निर्वासितांचे आहे, हे उघड होते आणि तो विजय काहीसा कडवट होतो. कथा आणि डावपेच इतके एकजीव झाल्याचे मी फार थोड्या गेममध्ये पाहिले आहे.

मोहिमांच्या आखणीत असे आणखी दोन-तीन उत्तम नमुने आहेत. एका ठिकाणी एक भुताटकीचे यान जवळ येणाऱ्या मोठ्या यानांचा ताबा घेते, त्यामुळे तोवर ज्या फ्रिगेटवर भिस्त ठेवली त्या बाजूला ठेवून लढाऊ याने आणि कॉर्वेट यांवरच निभावून न्यावे लागते. त्याच्या पुढच्याच मोहिमेत, अतिनवताऱ्याच्या (सुपरनोव्हाच्या) स्फोटाशेजारच्या तळाकडे जाताना, नेमके उलट होते: तीव्र किरणोत्सर्गामुळे छोटी याने धुळीच्या ढगांच्या आडोशाबाहेर टिकत नाहीत. आधीच्या मोहिमेत छोट्या यानांवर सारी पुंजी खर्च करणाऱ्याला इथे ती तशीच्या तशी वापरता येत नाही. ताफा पुढे चालत राहणार असल्यामुळे त्यात सर्व प्रकारची याने असली पाहिजेत, हा धडा कोणत्याही सूचनेशिवाय मिळतो.

आता त्रिमितीकडे येतो. हालचालीची आज्ञा देण्यासाठी आधी एक आडवी चकती उमटते, तिच्यावर जागा ठरवायची आणि मग शिफ्ट दाबून उंची ठरवायची, ही पद्धत १९९९ साली शोधून काढणे ही मोठी कामगिरी होती. आजही तिच्यापेक्षा फारशी चांगली पद्धत कुणाला सापडलेली नाही. स्पेसबार दाबला की संपूर्ण रणक्षेत्र दाखवणारा सेन्सर्स मॅनेजर उघडतो, आणि तिथून हव्या त्या जागी उतरता येते. यानांच्या इंजिनांमागे उमटणारे रंगीत पट्टे दिसायला सुंदर आहेतच, पण यान कुठून आले, कसे वळले हे ते दुरूनही सांगतात. सौंदर्य आणि उपयुक्तता यांत भेद न करणारी ही दृष्टी मला फार भावते. १९७० च्या दशकातल्या विज्ञानकथांच्या मुखपृष्ठांवर असत तशी ठळक रंगपट्ट्यांची यानेही याच दृष्टीतून आली आहेत. रंगामुळे यानाची बाजू आणि दिशा झटकन ओळखता येते.

तरीही या तिसऱ्या मितीचा डावपेचांत जेवढा उपयोग व्हायला हवा होता तेवढा होत नाही, ही माझी पहिली गंभीर तक्रार आहे. सगळी याने एकाच 'वर'ची दिशा मानतात. बहुतेक मोहिमांत शत्रू आणि आपण जवळपास एकाच पातळीवर असतो आणि वरून किंवा खालून हल्ला केल्याने मिळणारा लाभ क्वचितच निर्णायक ठरतो. लघुग्रहांचा पट्टा, धुळीचे ढग, तेजोमेघ एवढीच काय ती भूरचना. जिथे ती नाही तिथे दोन ताफे रिकाम्या जागेत समोरासमोर येतात आणि मोठा ताफा जिंकतो. कॅमेराही यानाला बांधलेला आहे. तो एखाद्या यानाभोवती फिरतो, मोकळ्या जागेत आपल्या मर्जीने नेता येत नाही. नवख्या खेळाडूला पहिल्या दोन मोहिमांत दिशाभ्रम होतो तो प्रामुख्याने यामुळेच, आणि अनेकजण तिथेच गेम सोडून देतात, याची मला खरोखर खंत वाटते.

दुसरी उणीव थेट त्या मूळ निर्णयातून येते. ताफा पुढे चालत राहतो याचा अर्थ नुकसानही पुढे चालत राहते. पाचव्या-सहाव्या मोहिमेत जो खेळाडू कसाबसा जिंकला, त्याला नवव्या-दहाव्या मोहिमेत कळते की आता आपल्याकडे पुरेसे बळही नाही आणि ते उभारायला पुरेशी संसाधनेही नाहीत. प्रत्येक मोहिमेतली संसाधने मर्यादित असतात, त्यामुळे कितीही वेळ थांबले तरी तूट भरून निघत नाही. अशा वेळी बऱ्याच आधीच्या मोहिमेपर्यंत मागे जाण्याखेरीज मार्ग उरत नाही आणि चूक नेमकी कुठे झाली हे गेम सांगत नाही. उलट दिशेनेही तेच: जो खेळाडू आरंभी काटेकोरपणे खेळला, त्याच्यासाठी शेवटच्या मोहिमा सोप्या होत जातात.

ताबा घेणाऱ्या सॅल्व्हेज कॉर्वेटनी हा असमतोल आणखी वाढवला आहे. या कॉर्वेट शत्रूच्या यानाला पकडून आपल्या मदरशिपकडे ओढून आणतात आणि ते यान आपले होते. मोठ्या यानासाठी अधिक कॉर्वेट लागतात, एवढेच बंधन. कल्पना म्हणून हे विलक्षण आहे, कारण हरवलेल्या लोकांनी शत्रूच्याच सामग्रीवर उभे राहणे कथेला साजेसे आहे. पण ज्या संख्येच्या मर्यादेमुळे आपण ठरावीक इतक्याच फ्रिगेट बांधू शकतो, ती मर्यादा पकडलेल्या यानांना लागू होत नाही. शेवटाकडच्या एका मोहिमेत आयन तोफेच्या फ्रिगेटचा एक प्रचंड गोल शत्रूच्या हायपरस्पेस रोखणाऱ्या यंत्राचे रक्षण करत असतो. तो भेदण्याऐवजी त्यातली एकेक फ्रिगेट चोरत राहणे हाच सर्वांत फायद्याचा मार्ग ठरतो. असे करणाऱ्या खेळाडूंना मी दोष देत नाही. गेमनेच ते दार उघडे ठेवले आहे. मात्र ते दार सापडल्यावर उरलेल्या डावपेचांची गरजच कमी होते, हे नुकसान लहान नाही.

संथपणाबद्दल मात्र माझे मत विभागलेले आहे. लढाई संपल्यावर संकलक याने लघुग्रहांमधून सावकाश संसाधने गोळा करत असतात, पार्श्वभूमीला पॉल रस्के यांचे संगीत चालू असते आणि खेळाडूकडे करण्यासारखे काहीच नसते. ताफ्याची एकाकी अवस्था त्या शांततेतून जाणवते हे खरे. पण तीच शांतता प्रत्येक मोहिमेत ताणली गेली की तिचे मोल घटते. पुढच्याच वर्षी बार्किंग डॉग स्टुडिओजने केलेल्या 'होमवर्ल्ड: कॅटॅक्लिझम'मध्ये काळ वेगाने पुढे नेण्याची सोय देण्यात आली, यावरून ही अडचण किती जणांना जाणवली असेल याची कल्पना येते.

संगणकाविरुद्धच्या किंवा इतरांविरुद्धच्या सुट्या सामन्यांबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. कुशान (खराकचे लोक) आणि ताइदान (कथेतला त्यांचा शत्रू) या दोन पक्षांची याने दिसायला वेगळी असली तरी प्रत्यक्षात जवळजवळ सारखी आहेत. एकाकडे अदृश्य होणारे लढाऊ यान आहे, दुसऱ्याकडे बचावाचे. एका फ्रिगेटचा फरक आहे, बस. कथेसारखी ओढ तिथे निर्माण होत नाही.

ताफा पुढे नेण्याच्या निर्णयाने निर्माण केलेल्या असमतोलावर रेलिकने २००३ च्या 'होमवर्ल्ड २'मध्ये जो उपाय केला तो मला मूळ दुखण्यापेक्षा वाईट वाटतो. तिथे आपल्या ताफ्याच्या आकारमानानुसार पुढच्या मोहिमेतला शत्रू मोठा होतो. याचा परिणाम असा झाला की अनुभवी खेळाडू मोहीम संपण्यापूर्वी आपलीच याने मोडीत काढून त्यांची संसाधने परत मिळवू लागले, म्हणजे पुढचा शत्रू दुबळा येईल. जो गेम प्रत्येक यान जपायला शिकवतो, त्याच मालिकेत यान मोडणे शहाणपणाचे ठरावे, हा विचारातला मोठा तडा आहे.

२०१३ मध्ये, तोवर हक्क असलेल्या टीएचक्यू या प्रकाशन कंपनीच्या दिवाळखोरीनंतर झालेल्या लिलावात गिअरबॉक्स या गेम-कंपनीने या मालिकेचे हक्क घेतले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये दोन्ही मुख्य गेमची नव्या रूपातली आवृत्ती आणली. तिची चित्रे देखणी आहेत, आजच्या पडद्यावर ती नेटकी बसते आणि बरोबर जुन्या आवृत्त्याही दिल्या आहेत, याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण पहिला गेम दुसऱ्या गेमच्या इंजिनवर, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर, बसवण्यात आल्यामुळे त्याचा आत्मा दुखावला. इंधन गेले, रचना सैल झाल्या, आणि गोळी खरोखर लागली की नाही हे तिच्या मार्गाऐवजी बऱ्याच अंशी संभाव्यतेवर ठरू लागले. छोट्या यानांची चपळता त्यामुळे पूर्वीसारखी कामाला येईना. खेळाडूंनी याविरुद्ध चिकाटीने आवाज उठवला, आणि २०१६ च्या मोठ्या सुधारणेत रचना, पवित्रे आणि मारा यांच्यावर पुन्हा काम झाले. इंधन मात्र परत आले नाही. नव्या खेळाडूने नव्या आवृत्तीपासून सुरुवात करावी, असाच सल्ला मी देईन, कारण तिची मांडणी अधिक सुलभ आहे. मात्र कादेशच्या दोन मोहिमा त्याने जुन्या आवृत्तीत जरूर खेळाव्यात. झुंड इंधनासाठी मागे फिरते तेव्हा मिळणारी उसंत आणि त्याच वेळी आपल्याही इंटरसेप्टरची टाकी रिकामी होत आलेली असणे, हा ताण नव्या आवृत्तीत त्या तीव्रतेने अनुभवाला येत नाही.

मे २०२४ मध्ये आलेल्या 'होमवर्ल्ड ३'ने भूरचनेबद्दलची माझी तक्रार मनावर घेतल्यासारखी वाटते. प्रचंड आकाराच्या प्राचीन बांधकामांचे अवशेष, त्यांतले बोगदे आणि आडोसे यांमुळे वर-खाली जाण्याला तिथे खरोखर अर्थ आला आहे. पण कथेचा केंद्रबिंदू ताफ्यावरून काही मोजक्या पात्रांच्या आपसातल्या संवादांवर सरकला आहे. एखादी फ्रिगेट गेली, तर तिचे दुःख पडद्यावरच्या कुणालाच होत नाही, आणि त्यामुळे हळूहळू खेळाडूलाही होईनासे होते. चौथा भाग कधी निघालाच, तर त्याने तिसऱ्याची भूरचना ठेवावी, पहिल्याचे इंधन आणि खरी गोळी परत आणावी, आणि पकडलेल्या यानांनाही संख्येची मर्यादा लावावी, एवढे तीन बदल मला पुरेसे वाटतील.